उसनी आकडी

आकडी कशी येते, हे मी एका धडधाकट माणसाला शिकवलं. मी तेव्हा आठवीत होते. शिकवणी आमच्याच स्वयंपाकघरात झाली आणि इतकी उत्तम झाली की दवाखान्यातले डॉक्टर फसले. पुढे मी शिक्षिका झाले. मी समजावून छान सांगते असं शाळेत सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. माझा पहिला विद्यार्थी कोण होता आणि त्याचं काय झालं, हे त्यांना ठाऊक नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटांवर, दहा खोल्यांच्या चाळीत आम्ही राहत होतो. बाबा रंग बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होते. घरी येण्याआधी कंपनीत अंघोळ करायचे, तरी कानाच्या पाळीमागे कधी निळा, कधी लाल रंग राहिलेलाच असायचा. आई घर बघायची. आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठी ताई.

ताई नऊ वर्षांची असताना तिला पहिली आकडी आली. मी तेव्हा लहान होते, पण नंतरच्या सगळ्या मी पाहिल्या. कांदा, चप्पल, नवससायास, ऐकिवातलं सगळं करून झालं. आमच्या घरात बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो, तरी आई एकदा गुपचूप कुणाकडे अंगारा आणायला गेली होती आणि बाबांनी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला होता. शेवटी गुण आला तो विम्याच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी. बाबांच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जात आणि त्याबदल्यात आम्हा सगळ्यांना तिथून औषध फुकट मिळे. खोकल्याच्या लाल औषधासाठी बाटली घरून न्यायची, गोळ्या खाकी कागदाच्या पुडीत मिळायच्या. ताईच्या दोन गोळ्या होत्या, एक लहान आणि एक मोठी. पहिल्यांदा देताना तिथल्या डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या होत्या, "न चुकता द्यायच्या. एक दिवसही मोडायचा नाही." आईला लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं, पण हे वाक्य तिचं पाठ होतं आणि रोज संध्याकाळी ते घरात म्हटलं जायचं.

त्या गोळ्यांवर ताईने तीन वर्षं आकडीशिवाय काढली. ती शिवण शिकली. उल्हासनगरच्या एका सिंधी शेठकडून शर्टाच्या कॉलर शिवायला आणू लागली. ती भारी फाजील होती. शेठची नक्कल करायची, "साईं, कॉलर सीधा रखो, ग्राहक का गर्दन टेढ़ा नहीं है," आणि आम्ही जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसायचो. तिला आजार आहे हे चाळीत कुणाला माहीत नव्हतं. पुढे कळलं तेही एकाच माणसाला.

तो माणूस म्हणजे टोकाच्या खोलीतले मामा. मामा नात्याचे नव्हते, जातीचेही नव्हते. बदलापूरच्या पुढे, बारवीच्या अंगाला डोंगरात त्यांचा पाडा होता. बायकामुलं तिकडे, भातशेती भावांकडे, आणि हे इकडे एका लहानशा कारखान्यात पॉवर प्रेसवर. पत्रा खाली सरकवायचा, पाय दाबायचा, वरून साचा आदळायचा, पत्र्याचं झाकण तयार. पहिलं वर्षभर त्यांनी आमच्याकडचं पाणी घेतलं नाही. आईने ते ओळखलं होतं आणि कधी विचारलंही नाही. मग एकदा ते तापाने फणफणले, खोलीत एकटेच पडून होते. ताई पेज घेऊन गेली. ते उठून बसले, भांड्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि प्याले. त्या दिवसापासून आई त्यांची आक्का झाली, बाबा भावोजी झाले आणि ते आमचे मामा.

विम्याच्या औषधांची आमच्या चाळीत एक रीत होती. साखर, रॉकेल, इस्त्री जशी उसनी जायची, तसा आजारही जायचा. ज्याचं दवाखान्यात दाखवायचं विम्याचं पुस्तक चालू, तो ज्याचं बंद त्याच्यासाठी दवाखान्यात जाऊन खोकायचा. शेजारच्या म्हातारीचे गुडघे दुखत, म्हणून समोरच्या खोलीतला तिशीचा गडी लंगडत जाऊन तिची मलमं आणायचा. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पैसे आपल्याच पगारातून कापतात, मग औषध कुणाच्या का पोटात जाईना, असा हिशेब होता. मामा तर एकटेच आणि कधी आजारी न पडणारे. त्यांचं पुस्तक सगळ्या चाळीचं होतं म्हणा ना.

बाबांच्या कंपनीला टाळं लागलं ते अचानक. सकाळी पाळीला गेलेली माणसं गेटवरची नोटीस वाचून परत आली. महिन्याभरात उघडेल, असं बाबा म्हणाले. रोज डबा घेऊन ते गेटबाहेर युनियनने बांधलेल्या मांडवात जाऊन बसू लागले. कानामागचा रंग हळूहळू गेला. मला आठवतं, एकदा मी त्यांच्या कानामागे बघितलं, तिथे नुसती स्वच्छ कातडी होती.

विम्याचं पुस्तक मात्र टाळ्यानंतरही काही महिने चाललं. आम्हाला वाटलं ते असंच चालणार. मग एके दिवशी खिडकीतल्या माणसाने पुस्तक पाहिलं, दुसऱ्या एका यादीत पाहिलं आणि ते आईला परत दिलं. तो वाईट बोलला नाही. "बाई, मुदत संपली. कंपनी सुरू झाली की या," एवढंच म्हणाला. आई पुस्तक पदराखाली घेऊन तशीच रांगेबाहेर उभी राहिली. मी शाळेतून परस्पर तिथे गेले होते. मला पाहून म्हणाली, "चल, उद्या येऊ." उद्या येऊन काय होणार होतं, हे तिलाही माहीत नव्हतं.

सरकारी दवाखान्यात लहान गोळी मिळे. मोठी तिथे नसे, ती चिठ्ठीवर लिहून मिळे. आणि जगणं होतं त्या मोठीवर. उल्हासनगरला शेठच्या गल्लीत एक औषधाचं दुकान होतं, तिथे जरा स्वस्त पडते म्हणून मी आणि आई तिकडे जायचो. दुकानदार म्हातारा सिंधी होता. आम्ही पाकीट न मागता सुट्ट्या चार गोळ्या मागायचो, तो कात्रीने पट्टी कापून द्यायचा. एकदा कापता कापता थांबला आणि आईला म्हणाला, "अम्मा, ये फिट की गोली है. ऐसे बीच-बीच में मत देना, उलटा होगा." आई म्हणाली, "हां, मालूम है." मालूम होतं म्हणून काय झालं? पाठ असलेलं वाक्य विकत मिळत नाही.

मग आईने गोळ्या मोडायला सुरुवात केली. विळीच्या पात्यावर धरून अर्धी करायची. चुरा पडायचा, तो ताई बोटाने टिपून घ्यायची आणि हसायची, "बघ, मी प्रसाद खाते." मला ते हसणं सहन व्हायचं नाही. अर्ध्या गोळीने माणूस अर्धा बरा राहतो असं आईला वाटत होतं की ती स्वतःलाच फसवत होती, मी आजवर ठरवू शकलेले नाही. आम्ही कुणी तिला अडवलं नाही.

दीड महिन्याने ताई स्टोव्हपाशी बसलेली असताना तिला आकडी आली. तीन वर्षांनी पहिली. तिचा उजवा हात उकळत्या आमटीत गेला. मी आरडाओरडा केला नाही, तशी मला शिकवणच होती. दार लावून घेतलं, तिला कुशीवर वळवलं, जबडा सुटेपर्यंत मोजत बसले. पण मामा तेव्हा पाणी भरून परतत होते आणि त्यांनी दार लागायच्या आत बघितलं होतं. ते संध्याकाळी आले. आई आधी काहीतरी सांगू लागली, पाय घसरला वगैरे. मामा म्हणाले, "आक्का, माझ्या चुलत्याला होतं. मना नका सांगू." मग आई त्यांच्यासमोर रडली.

आमच्या समाजातल्या दहाजणांची पुस्तकं चालू होती. त्यातल्या कुणाच्याही बायकोच्या नाहीतर मुलीच्या नावावर गोळ्या आणता आल्या असत्या. पण त्याच सुमारास बदलापूरच्या एका घरातून ताईसाठी विचारणा झाली होती. मुलगा ऑफिसात होता, माणसं बरी होती आणि विहारातल्या ओळखीतून आली होती. आमच्यातल्या एकाला सांगितलं की ते बदलापूरला पोचायला विहारातली एक पौर्णिमा पुरली असती. मामा बाहेरचे. मामांच्या तोंडून आमच्यात काही पोचणार नव्हतं. आईने हे सगळं त्यांना सांगितलं आणि ते म्हणाले, "मग माझ्याच नावानं आणतो. मीच सांगतो मना फिट येते म्हणून."

त्यांच्या पुस्तकावर बायकामुलांची नावं चढवलेली नव्हती, म्हणून आजारी पडायचं तर त्यांनाच पडावं लागणार होतं. खोकला नि गुडघे सगळ्यांना येतात. आकडी कशी सांगायची?

"सांग गो पोरी," मामा मला म्हणाले, "डाक्टरनं इचारलं तं मी काय बोलू?"

मलाच विचारलं, कारण ताईला सांगता येत नव्हतं. आकडी ज्याला येते त्याला ती दिसत नाही. ताई भिंतीला टेकून, भाजल्या हातावर फडकं गुंडाळून ऐकत बसली होती. आणि मी सांगितलं. आधी हात कसा वाकडा होतो, मग मान कशी एका बाजूला वळते. आवाज कसा निघतो. नंतर डोकं किती दुखतं, झोप कशी येते, अंग कसं ठेचून निघाल्यासारखं होतं, हे ताईने मधे मधे सांगितलं. "आणि तुम्हाला काही आठवत नाही बरं का मामा," मी म्हणाले. "हे सगळं दुसऱ्यांनी तुम्हाला सांगितलं असं म्हणायचं. आणि जीभ चावली जाते." मामांनी दोनदा म्हणून दाखवलं. मी चुका काढल्या. तिसऱ्या वेळी बरोबर आलं. ताई हसून म्हणाली, "मामा, आता मला तुमचीच काळजी वाटायला लागली." आम्ही सगळे हसलो. बाबासुद्धा.

दुसऱ्या दिवशी मामा दवाखान्यातून आले ते अडखळत बोलत होते. आईने विचारलं तर त्यांनी जीभ बाहेर काढून दाखवली. कडेला खोल व्रण होता, सुजून निळा पडलेला. त्यांनी ती स्वतःच चावली होती. "डाक्टर तोंड उघडाया सांगंल," ते म्हणाले, "मोकळ्या तोंडानं कसा जाऊ?" मी जीभ चावली जाते एवढंच म्हटलं होतं.

दवाखान्याने त्यांना उल्हासनगरच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथेही त्यांनी माझा धडा न चुकता म्हटला आणि ताईच्या जुन्या पुडीतल्या दोन्ही गोळ्या पुढे करून सांगितलं की ह्या एका डॉक्टरने दिल्या होत्या, ह्यांनी गुण आहे. त्याच लिहून मिळाल्या. पंधरा दिवसांनी एकदा मामा कामावरून सुट्टी टाकून रांगेत उभे राहत आणि पुडी आणून आईच्या हातात देत. विळी परत फक्त भाजीपुरती राहिली. ताईचा हात बरा झाला, डाग राहिला. पाच महिने तिला एकदाही आकडी आली नाही. बाबा मांडवातच बसत होते, घरात दोन्ही वेळा भातच असे, पण संध्याकाळी आईचं ते वाक्य पुन्हा ऐकू येऊ लागलं होतं, आणि मला वाटत होतं की आपण ह्यातून निभावलो.

मग दवाखान्यात नवीन डॉक्टर आले. तरुण होते, प्रत्येकाची चौकशी करायचे. आधीच्यांनी मामांना काम काय करता विचारलं तेव्हा ते नुसतं "कामगार" म्हणाले होते. ह्यांनी विचारलं, कसलं काम? आता ही गोष्ट माझ्या शिकवणीत नव्हती. मामांना वाटलं, साहेब आपुलकीने विचारतायत. आणि प्रेसवाल्यांमध्ये मामांचा एक मान होता. त्या कामात कुणाची दोन बोटं गेलेली, कुणाचं एखादं पेर. मामांची बारा वर्षांत दहाच्या दहा शाबूत. त्यांनी दोन्ही पंजे डॉक्टरांपुढे पसरले आणि म्हणाले, "पावर प्रेस, साहेब. बारा वर्षं झाली. मोजा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला फिट येते आणि तुम्ही प्रेस चालवता?" ते म्हणाले. "अहो, एक दिवस दोन्ही हात जातील." त्यांनी कारखान्याला पत्र लिहिलं की ह्या कामगाराला मशीनवर ठेवू नये, दुसरं काम द्यावं. पत्र मामांच्याच हातात दिलं आणि सांगितलं, ह्याच्यावर मालकाची सही-शिक्का आणा, मगच पुढच्या गोळ्या. त्या डॉक्टरांना मी कधीच दोष देऊ शकले नाही. आम्हा सगळ्यांत मामांच्या हातांचा विचार करणारे ते एकटेच होते.

मामा ते पत्र घेऊन आमच्याकडे आले. बाबांनी वाचून दाखवलं. आईने चहा केला, त्यात साखर जास्त घातली. पत्र फाडून टाकलं असतं तर नोकरी राहिली असती आणि गोळ्या गेल्या असत्या. हे सगळ्यांना कळत होतं. मामा म्हणाले, "मालक मना घरचा माणूस बोलतो. पॅकिंगला टाकंल." कुणीतरी म्हणायला हवं होतं, की मामा, नका देऊ. बाबांनी म्हणायला हवं होतं, ते घरात कर्ते होते आणि कारखान्यांचे मालक काय असतात हे त्यांना मांडवात बसून कळलं होतं. बाबांनी पत्राची घडी घालून ते मामांना परत दिलं. आई म्हणाली, "भाऊ, तुम्ही बघा कसं ते." मी तर चौदा वर्षांची होते, पण तोंड मलाही होतं. मला ताईच्या गोळ्या हव्या होत्या. इतक्या हव्या होत्या की मामा "पॅकिंगला टाकंल" म्हणाले ते मी खरं मानून टाकलं. ताई तेवढी आत कॉलर शिवत होती आणि आम्ही हळू बोलत होतो.

मालकाने पत्र वाचलं. पॅकिंगला तिथे बायका होत्या, मामांच्या निम्म्या पगारावर. त्याने पत्रावर सही-शिक्का केला आणि मामांना पाठीवर थोपटून घरी बसवलं. मामांनी तिथेच खरं सांगायचं, तर पाच महिने खोटं बोलून औषध नेलं हे उघडं पडणार. आणि कुणासाठी नेलं, असं विचारलं तर? मामांनी ते सांगितलं नाही. महिन्याने त्यांनी टोकाची खोली सोडली. जाताना त्या सही-शिक्क्यावर मिळालेली शेवटची पुडी आईकडे दिली. आई त्यांना थांबा म्हणाली नाही, कारण थांबून खायचं काय? मी मात्र त्या दिवसांत त्यांच्या खोलीवरून जाताना मान वळवून जायचे, ते दारात बसलेले असले तरी. गरज सरो नि वैद्य मरो, हे मी कुणाकडून शिकले नव्हते, आपोआप जमलं.

बदलापूरच्या लोकांनी पुढे नकार कळवला. मुलीचे वडील बेकार आहेत, हे कारण. आजाराचा त्यांना पत्ताही लागला नव्हता.

ताईला मामांची नोकरी का गेली हे कळलं तेव्हा तिने माझ्याशी भांडण केलं नाही. तिने केलं असतं तर बरं झालं असतं. ती शेवटच्या पुडीतल्या गोळ्या एक दिवसाआड घेऊ लागली, आईला रोज "घेतली" म्हणून सांगायची. मला ते पुडी संपायला हवी होती त्या तारखेनंतरही आत गोळ्या दिसल्या तेव्हा समजलं. मी आईला सांगितलं नाही. मला वाटलं, पुरवून खाते आहे, शहाणी आहे.

त्यानंतरचे सातआठ महिने कधी गोळ्या होत्या, कधी नव्हत्या. आकड्या येत, जात. मग चैत्रातल्या एका सकाळी नळावर तिला एक आकडी आली, ती थांबायच्या आत दुसरी, मग तिसरी. शुद्ध आली नाही. रिक्षात मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि सवयीने मोजत होते. कितीपर्यंत मोजलं ते आता आठवत नाही. हॉस्पिटलात म्हणाले, शुद्धीवर आली की ह्या गोळ्या पुन्हा सुरू करायच्या, आणून ठेवा. बाबा आईच्या कानातलं घेऊन गेले आणि त्या मोठ्या गोळ्यांच्या दोन अख्ख्या पट्ट्या घेऊन आले. न कापलेल्या. कंपनी बंद झाल्यापासून एवढ्या गोळ्या एकदम आमच्या हातात पहिल्यांदाच आल्या. ताई तिसऱ्या दिवशी गेली. एकोणीस पुरी करून विसावं लागलं होतं.

पट्ट्या घरी आल्या. आई त्या टाकू देईना, समोरही ठेवू देईना. पंधरा दिवसांनी मी त्या तिच्या नजरेआड करायला पिशवीत घातल्या आणि मामांना कळवायला निघाले. बदलापूरहून एसटीने गेले, पुढे तासभर चालले. मनाशी ठरवून गेले होते की मामांच्या घरी आता सगळं खरं सांगायचं. ज्या मुलीसाठी लपवलं तीच राहिली नाही. आता कुणाचं लग्न मोडणार होतं?

पाड्याच्या खाली शेतांत भाताच्या रोपांसाठी राब भाजणं चाललं होतं. पाचोळा, शेण, तोडलेल्या फांद्या पसरून मामांचे भाऊ नि पुतणे आग फिरवत होते. मामा त्यांच्यात नव्हते. लांब, एका आंब्याखाली, तान्ह्या पोरांना सांभाळत बसले होते. मला पाहून उठले. मी सांगायच्या आधीच त्यांना कळलं असावं, कारण ते "ताई कशी हाय" असं विचारेनात. मी सांगितलं. ते खाली बसले आणि बराच वेळ मुठीने माती उकरत राहिले.

मग मी विचारलं, तुम्ही इथे का बसलात? म्हणाले, "आगीजवळ जाऊ देत नाय. हिरीवर नाय, झाडावर नाय. फिटवाला माणूस." नोकरी गेल्याचं कारण गावात आधीच येऊन पोचलं होतं. त्यांच्या मोठ्या मुलीची सोयरीक त्यावरूनच मोडली होती. बापाला फेफरं येतं, तर मुलीतही असणार.

"मी मामींना सांगते," मी म्हणाले. "आत्ता सांगते. मी शिकवलं म्हणून सांगते."

"नको," मामा म्हणाले. "काय सांगशील? नोकरी दुसऱ्याच्या पोरीपायी घालवली, पोरीचं लगीन घालवलं? आता ती माझ्यावर दया करते. मग काय करंल?" मग म्हणाले, "दुखण्याला कोण बोल नाय लावत गो."

आम्ही घरी गेलो. मामीने मला पाणी दिलं, तांब्या उंच धरून, ओंजळीत. मी प्याले. त्या दिवशी मी भांडायला गेले नव्हते. मी अंबरनाथची, ते राहत त्या चाळीतली, एवढं मामांनी सांगितलं. मामीचा चेहरा एकदम बदलला. पुढे येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "मंग तुमाला त्या गोळ्यांचं म्हाईत आसंल. तिकडं घेत होते तवर यांना एकदा पण फिट नाय आली म्हंतात. आता संपल्यात. आमी कुठून आणू? येईल म्हणून मना रातदिस भ्या वाटतं. तुमच्याकडं दोन असल्या तं द्या गो."

मी मामांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांची मान अगदी थोडी हलली. मी पिशवीतून दोन्ही पट्ट्या काढून मामीच्या हातात ठेवल्या. एवढ्या गोळ्या बघून तिला काय करू नि काय नको झालं. तिने तिथल्या तिथे एक फोडली आणि तोच तांब्या मामांपुढे केला. मामांनी गोळी जिभेवर ठेवली. कडेचा तो जुना व्रण मला दिसला. ते पाणी प्याले.

"रोज द्यायची ना?" मामीने मला विचारलं.

"रोज," मी म्हणाले. "न चुकता द्यायची. एक दिवसही मोडायचा नाही."